ज्यूलेप: बर्फ, पुदिना आणि रिचमंडचे जॉन डॅबनी

मंडळी, अमेरिकेतल्या केंटकी राज्यात लुईव्हिल शहरी मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी केंटकी डर्बी ही घोड्यांची शर्यत असते, १८७५ पासून. त्या सोहळ्यात मिंट ज्यूलेपचे, म्हणजे दारू, साखर, पुदिना आणि ठेचलेल्या बर्फाच्या थंडगार पेयाचे, लाखाहून अधिक पेले खपतात. एवढ्या गर्दीला पाजायचं म्हणजे बाटलीतलं तयार मिश्रण ओतणं आलं. ते चाखून लोक ज्यूलेपला गोडमिट्ट म्हणून निकालात काढतात, याचं मला वाईट वाटतं. कारण खरा ज्यूलेप तो नव्हेच.

त्याचं मूळ घर व्हर्जिनिया. पुदिना घातलेली दारू तिथले लोक सकाळीच घेतात, अशी नोंद १८०३ सालच्या एका प्रवासवर्णनात आहे. पुढे त्यात बर्फ आला. बॉस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर न्यू इंग्लंडच्या गोठलेल्या तळ्यांतला बर्फ लाकडाच्या भुशात गुंडाळून दक्षिणेच्या बंदरांत धाडत. हाच बर्फ १८३३ मध्ये कोलकात्याला आणि पुढे आपल्या मुंबईलाही पोचला. त्या काळी ज्यूलेपमध्ये बहुतेक ब्रँडी असे. बर्बनची, म्हणजे मक्यापासून केलेल्या अमेरिकी व्हिस्कीची, सद्दी नंतरची.

मळेवाल्या गोऱ्या साहेबांच्या व्हरांड्यातलं पेय, असं त्याचं चित्र रंगवलं जातं. पण ते बनवत कोण होतं? व्हर्जिनियातल्या रिचमंडचे जॉन डॅबनी हे त्यातले सर्वांत नामांकित, आणि ते गुलाम होते. या हातांच्या कमाईतून त्यांनी पत्नीला मुक्त केलं. स्वतःच्या सुटकेचे पैसे ते हप्त्याने फेडत होते. यादवी युद्ध संपलं, गुलामगिरी कायद्याने गेली, तरी उरलेली रक्कम त्यांनी जुन्या मालकिणीला पोचती केली. ज्यूलेपचा इतिहास सांगताना हे नाव आधी घ्यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

आता कृती. पेल्यात दोन चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवा, आठ-दहा पुदिन्याची पानं टाका आणि हलकेच दाबा. पानाच्या पृष्ठभागावरच तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्या एवढ्यानेही फुटतात. पानं खलली की कडवटपणा उतरतो. बहुतेकांचा ज्यूलेप इथेच बिघडतो. मग ६० मिली बर्बन, शक्यतो ५० टक्के अल्कोहोलचं, कारण बर्फाचं पाणी त्यात मिसळणारच आहे. बर्फ जाड कापडी पिशवीत घालून मोगरीने ठेचा. कापड पाणी शोषून घेतं आणि चुरा कोरडा राहतो. अर्धा पेला भरून ढवळत राहा. नुसतं बर्फाचं पाणी शून्य अंशावर थांबतं; अल्कोहोल असलं की तापमान त्याखाली उतरतं, आणि हवेतली वाफ पेल्याबाहेर पांढरी गोठते. ती धरेपर्यंत ढवळणं सोडू नका. मग वर बर्फाचा गोळ्यासारखा उंच ढीग, आणि तळहातांमध्ये एकदा थोपटलेला पुदिन्याचा तुरा. नळी आखूड हवी, म्हणजे घोट घेताना नाक पुदिन्यात जातं. हा अर्ध्याहून अधिक वासाचा खेळ आहे. पेला काठाशी धरा, हाताच्या उबेने हिम वितळतं.

चांदीचा पेला नसेल तर अडत नाही. काचेपेक्षा धातू लवकर गार होतो, तेव्हा घरातला पातळ स्टीलचा पेला घ्या.