अस्सल कोल्ट, इटालियन कोल्ट

श्रोतेहो, नमस्कार. जुनी रिव्हॉल्वरं जमवणारा माणूस ती विकत घेताना नेमकं काय बघतो, हा आजचा विषय. उदाहरण एकच घेते: अमेरिकी शस्त्रनिर्माता सॅम्युअल कोल्टची १८५१ ची 'नेव्ही'.

ही ठासणीची. कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची बंदूक बाळगणाऱ्यांना रीत ठाऊकच आहे: आधी दारू, मग शिशाची गोळी, मागे टोपी, म्हणजे घोड्याचा टोला बसताच ठिणगी देणारी छोटी डबी. इथे मात्र सहा घरांचं फिरतं सिलिंडर आहे आणि ठासायचा दांडा नळीखालीच जोडलेला. अंगठ्यानं घोडा मागे ओढला की सिलिंडर एक घर पुढे सरकतं. आणि नेम धरायची मागची खाच कुठे, तर घोड्याच्याच नाकावर! घोडा चढवल्याशिवाय नेम धरताच येत नाही.

'नेव्ही' हे नाव पडलं सिलिंडरवरच्या चित्रामुळे. १८४३ साली टेक्सासच्या आरमाराची मेक्सिकोच्या आरमाराशी लढाई झाली, तिचं ते चित्र. प्रत्येक सिलिंडरवर हातानं कोरलेलं नाही बरं का. वॉटरमन ऑर्म्सबी नावाचा नोटांचे ठसे कोरणारा कारागीर होता. त्यानं पोलादी ठसा कोरून दिला आणि कारखान्यात तो सिलिंडरवर दाबून फिरवत. त्यामुळे चित्र उथळ उमटतं आणि वापरात सगळ्यात आधी झिजतं. म्हणून जाणकार गिऱ्हाईक आधी भिंग काढून जहाजं शोधतो. शिडं आणि डोलकाठ्या स्पष्ट दिसल्या की विक्रेत्याचा भाव चढलाच.

मग नंबर. नळी, सांगाडा, चापाभोवतीची पितळी कडी, मूठ, सिलिंडर, सगळीकडे एकच नंबर हवा. नळी सांगाड्याला धरून ठेवणारी एक छोटी पाचर असते, तिच्यावरही. ही पाचर सहज हरवते, त्यामुळे पुष्कळदा सगळं जुळतं आणि पाचर परकी निघते. तेवढ्यासाठी मी सौदा मोडणार नाही, पण भाव नक्की पाडीन.

ज्यासाठी मी सौदा मोडीन ती गोष्ट म्हणजे पॉलिश. दीडशे वर्षांत पोलाद करडं-तपकिरी होतं, मुठीच्या पितळेवरचा चांदीचा मुलामा विरतो. हे सगळं बघायला लोक पैसे मोजतात. हौशी वारसदार ते घासून चकचकीत करतात, कडा गोल होतात, अक्षरं पुसट होतात, आणि वस्तूची किंमत त्या चिंधीबरोबर निघून जाते.

आता नक्कल. अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी १९६१ साली सुरू झाली, आणि त्या सुमारास जुन्या बनावटीच्या शस्त्रांना तिथे मोठी मागणी आली. ती भागवली उत्तर इटलीतल्या गार्दोने वाल त्रोम्पिया या गावानं. बेरेट्टा घराणं तिथे १५२६ पासून बंदुकांच्या नळ्या बनवतंय. अल्दो उबेर्ती यांनी १९५९ साली कारखाना काढला तोही तिथेच. माझं मत विचाराल, तर नवख्यानं आधी ही नक्कलच घ्यावी. अस्सल नेव्हीला हजारो डॉलर पडतात, नक्कल काही शे डॉलरमध्ये मिळते. ती उघडा, साफ करा, पुन्हा जोडा. हाताला यंत्र कळलं की मग अस्सल वस्तू बघताना डोळा फसत नाही.

नक्कल ओळखायची कशी? इटलीत प्रत्येक नळीची सरकारी चाचणी होते आणि तसे शिक्के उमटवतात. त्यात वर्षाचाही संकेत असतो. एए म्हणजे १९७५. लबाड माणूस हे शिक्के घासून काढतो आणि आम्लानं गंज चढवतो. तरी काही खुणा लपत नाहीत. पितळी सांगाड्याची 'कोल्ट नेव्ही' दिसली तर पुढे चला. कोल्टनं नेव्हीचे सांगाडे पितळेचे केले नाहीत; तशी रिव्हॉल्वरं यादवी युद्धात अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत पोलादाच्या टंचाईपायी झाली. पॉइंट चव्वेचाळीसची (हे नळीच्या तोंडाचं माप, इंचात) १८५१ नेव्हीही कोल्टनं काढली नाही, ती पॉइंट छत्तीसचीच.

कायद्याचं थोडक्यात सांगते. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंतची शस्त्रं 'अँटिक' ठरतात आणि ठासणीच्या नकलाही साधारणपणे त्यातच बसतात. राज्यांचे नियम निराळे. ते वाचून आपल्याकडे कुणी भलतं धाडस करू नये. इथे गोळी उडवू शकणारी नक्कल हे शस्त्रच आहे, ठासणीची असली तरी परवाना लागतो.

शेवटी एक पेच. १९७१ पासून खुद्द कोल्ट कंपनीनं नेव्ही पुन्हा बाजारात आणली, पण तिचे कच्चे भाग इटलीतून आलेले. नाव कोल्टचं, धातू गार्दोनेचा. संग्राहकांमध्ये यावरून अजून वाद रंगतात. मी तिला नक्कल म्हणत नाही आणि १८५१ च्या रांगेतही ठेवत नाही. कुणाकडे असेल तर मूळ खोका आणि कागद तेवढे टाकू नका, कारण पुढचा गिऱ्हाईक आधी तेच मागेल.