आत येणारे पाणी : शिडाच्या नौकेवरील शौचकूपाची नळजोडणी

मित्रहो, नौकेवरील शौचकूप हा व्याख्यानाचा विषय आहे असे सांगितले की श्रोत्यांच्या चेहऱ्यावर आधी हसू उमटते आणि मग कपाळाला आठ्या पडतात. त्या आठ्या मैला बाहेर नेणाऱ्या जाड नळीसाठी असतात. माझे म्हणणे असे आहे की नौकेत नकळत शिरलेले पाणी असो वा केबिनमध्ये कोंडलेला दर्प असो, त्यांचा माग काढत गेल्यास पुष्कळदा आपण समुद्राचे स्वच्छ पाणी आत आणणाऱ्या बारीक नळीपाशीच येऊन थांबतो.

हातपंपाच्या नेहमीच्या रचनेत साधारण 19 मिलिमीटर व्यासाच्या नळीने पाणी आत येते, 38 मिलिमीटर व्यासाच्या नळीने बाहेर जाते आणि नौकेच्या अंगातील दोन्हींच्या छिद्रांवर सीकॉक, म्हणजे छिद्र बंद-उघड करायची तोटी, असतो. अनेक नौकांमध्ये भांड्याची कड जलरेषेच्या खाली असते, किंवा वाऱ्याने नौका कलली की खाली जाते. अशा वेळी पंपातील पाण्याची झडप थोडी जरी झिजलेली असेल आणि सीकॉक उघडा राहिला असेल, तर कोणी पंपाला हात न लावताही सायफन सुरू होतो, भांडे काठोकाठ भरते आणि पाणी तळात उतरू लागते. नौका जसजशी खाली बसते तसतशी ती कड आणखी खोल जाते, त्यामुळे हा प्रवाह आपोआप थांबत नाही, उलट वाढत जातो.

यावरचा उपाय म्हणजे नळीला जलरेषेच्या बराच वर नेणारे वळण देणे आणि त्याच्या माथ्यावर हवा आत घेणारी छोटी झडप बसवणे. उंची धक्क्याला बांधलेल्या नौकेवर मोजून चालत नाही; नौका दोन्ही बाजूंना पुरती कललेली असतानाही तो माथा पाण्याच्या वर राहिला पाहिजे. आत येणाऱ्या बाजूला हे वळण कुठे घालायचे याबाबत मी अनुभवी माणसांनाही चुकताना पाहिले आहे. ते सीकॉक आणि पंप यांच्या मध्ये घातले, तर पंप पाण्याऐवजी हवाच ओढत बसतो. पंपापासून भांड्याकडे जाणारा जो आखूड तुकडा तयार जोडून येतो, तो काढून त्याच्या जागी लांब नळी वर नेऊन खाली आणावी. माथ्यावरील झडपेत मीठ साचते आणि ती चिकटते, म्हणून ती अधूनमधून काढून कोमट गोड्या पाण्यात धुवावी.

आता दर्पाविषयी. समुद्राच्या पाण्यात सूक्ष्म जीव असतात. नौका आठवडाभर बंद राहिली की नळीत अडकलेल्या पाण्यातील प्राणवायू संपतो, ते जीव मरून कुजतात आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. पहिल्या फ्लशबरोबर जो भपकारा येतो तो याचा, आणि बिचाऱ्या मैलाटाकीवर उगाच आळ येतो. नौका सोडताना आत येणाऱ्या नळीतून गोडे पाणी खेचून मग सीकॉक बंद केले, तर हा त्रास जवळजवळ नाहीसा होतो.

बाहेर जाणाऱ्या नळीचे दुखणे निराळे. लघवी आणि समुद्राचे पाणी एकत्र आले की आतून क्षारांचे पुट चढत जाते. माझ्या स्वतःच्या नौकेवर एकदा पंप इतका जड चालू लागला की मी त्याची सारी वॉशरे बदलली, तरी काही फरक पडेना. शेवटी नळी कापली तेव्हा आत जेमतेम बोट जाईल एवढीच वाट उरली होती. 38 मिलिमीटरच्या नळीत दर मीटरला सुमारे 1.1 लिटर पाणी मावते. म्हणजे नळी तीन मीटर लांब असेल तर साडेतीन लिटर पाणी पुढे ढकलल्याशिवाय ती धुतली जात नाही, आणि आपण चार-पाच दांडे मारून मोकळे होतो! पातळ पुटावर व्हिनेगर चालते. जाड थरासाठी सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात, मात्र त्याचा ब्लीचशी कधीही संपर्क येऊ देऊ नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. पंपाच्या बाहेरच्या तोंडाशी असलेली, पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी रबरी जोकर झडपही क्षारांनी ताठरते. फ्लश केलेले पाणी भांड्यात परत येऊ लागले की ती बदलावी, आणि तिचे ओठ बाहेरच्या दिशेलाच आहेत ना हे बसवताना पाहावे.

नळीच जुनी झाली आहे का, हे ओळखायला गरम पाण्यात पिळलेले फडके तिच्याभोवती थोडा वेळ गुंडाळावे. थंड झालेल्या फडक्याला वास आला, तर तो नळीच्या भिंतीतून झिरपतो आहे आणि कितीही धुतले तरी जाणार नाही. बदलताना आधी भरपूर गोडे पाणी फिरवावे, सीकॉक बंद करावा आणि त्या मापाची लाकडी खुंटी हाताशी ठेवूनच क्लॅम्प, म्हणजे नळी आवळून धरणारा पट्टा, सैल करावा; जलरेषेखाली अर्ध्या मीटरवरचे 38 मिलिमीटरचे उघडे छिद्र मिनिटाला शंभर लिटरहून अधिक पाणी आत घेते. जुनी नळी ओढून निघत नसेल तर जोर लावू नये, ती ज्यावर चढवलेली असते ते तोंड मोडते. ती लांबीच्या दिशेने चिरून सोलून काढावी. नव्या नळीचे टोक गरम पाण्यात मऊ करून, साबणाचा हात लावून बसवावे आणि तोंड पुरेसे लांब असेल तेथे स्टेनलेस स्टीलचे दोन क्लॅम्प, त्यांचे स्क्रू समोरासमोर येतील असे, आवळावेत. वाटेत नळीला झोळ राहू देऊ नये, कारण झोळात पाणी साचून राहते.

काम झाल्यावर प्रत्येक सांध्याभोवती कोरडा कागद फिरवून पाहावा, आणि पुढच्या सफरीत नौका दोन्ही बाजूंना पुरती कलल्यावर तोच कागद पुन्हा फिरवावा. नवी नळी क्लॅम्पखाली थोडी दबते, म्हणून पंधरा दिवसांनी सगळे स्क्रू आणखी एकदा आवळावे लागतात.