पहिला पगार हातात येईपर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

आज पोरांच्या नोकरीबद्दल बोलायचंय. आपल्या चाळीतल्या, वस्तीतल्या, विशी-बाविशीच्या मुलामुलींच्या नोकरीबद्दल. आणि त्यासाठी आपल्या वॉर्डातला नगरसेवक काय करू शकतो, त्याबद्दल.

गर्दी किती आहे ते तुम्ही पाहताच आहात. जुलै 2024 मध्ये मुंबईत कलिन्याला विमानतळावरच्या सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामासाठी थेट मुलाखती ठेवल्या होत्या. जागा दोन हजारांच्या आसपास आणि उमेदवारांनी रस्ता भरून गेलेला. शेवटी अर्ज तेवढे ठेवून घेतले आणि पोरांना घरी पाठवलं. त्याच वर्षी राज्यात पोलीस भरती निघाली, पदं 17,471 आणि अर्ज 17 लाखांच्या वर. आपल्या महापालिकेनंही त्याच वर्षी 1,846 कार्यकारी सहायकांची, म्हणजे आपल्या भाषेत क्लार्कची जाहिरात काढली. त्यात अट काय, तर दहावी आणि पदवी दोन्ही पहिल्याच प्रयत्नात पास हवी. ओरड झाली आणि ती अट मागे घेतली, हे उत्तम झालं. रात्री कुरियरचं काम करून दुसऱ्या खेपेला विषय सोडवणारा मुलगा ऑफिसात जास्त टिकून काम करतो, असं माझं ठाम मत आहे.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नगरसेवकाच्या खिशात नोकऱ्या नसतात. 74व्या घटनादुरुस्तीनं 1993 पासून शहरांच्या कारभाराला 18 कामांची यादी दिली. पाणी, रस्ते, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, शहरी गरिबी कमी करणं, सगळं त्यात आहे. रोजगार देणं हे वेगळं काम म्हणून त्यात नाही. नगरसेवक निधीतून लाद्या बसतात, संडास दुरुस्त होतात, अभ्यासिका बांधता येते, पण कुणाला पगार देता येत नाही. म्हणून मग नगरसेवक करतो काय? रोजगार मेळावा. मांडव, खुर्च्या, कंपन्यांची टेबलं आणि नाक्यानाक्यावर फ्लेक्स. या फ्लेक्सवर मुंबईत कायमची बंदी यावी, पक्ष कुठलाही असो. त्या छपाईच्या पैशात किती पोरांचे लोकलचे पास निघतील!

आणि पासावरून मी मूळ गोष्टीवर येते.

कोविडच्या आधीची गोष्ट आहे. भांडुप पश्चिमेला डोंगराच्या उतारावर वस्त्या आहेत, तिथल्या एका नगरसेविका ताईंची आणि माझी जुनी ओळख. त्यांनी पालिका शाळेच्या हॉलमध्ये मेळावा घेतला. सिक्युरिटीवाले आले, मॉलवाले आले, नवी मुंबईच्या एमआयडीसीतले ठेकेदार आले. पन्नास-साठ मुलामुलींच्या हातात तिथल्या तिथे पत्रं पडली. पेढे वाटले, फोटो निघाले. दोन महिन्यांनी ताईंनी सहज चौकशी केली, तर निम्म्याहून जास्त पोरं काम सोडून घरी! कार्यकर्ते म्हणाले, "ताई, आजकालच्या पोरांना कामच नको असतं." ताईंना ते पटलं नाही. त्यांनी दोनशे पानी वही घेतली आणि संध्याकाळी एकेका दारात जाऊन बसायला लागल्या. त्यातल्या एका संध्याकाळी मी बरोबर होते.

चढावर एक खोली होती. उंबऱ्यावर पोरगा मोबाइल घेऊन बसलेला, आत आई पोळ्या लाटत होती. ताईंनी विचारलं, "का रे सोडलंस काम?"

"जमत नव्हतं ताई."

आतून आईचा आवाज आला, "जमत नव्हतं काय! जायला पैसे नव्हते, ते सांग ना."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. कारखाना रबाळ्याला. भांडुपहून ठाणे, ठाण्याहून ट्रान्स हार्बरची गाडी. सेकंड क्लासचा पास स्वस्त, त्याचं काही नाही. पण स्टेशनपासून कारखान्यापर्यंत शेअर रिक्षा, जाताना वीस, येताना वीस. सेफ्टी शूज स्वतःच्या पैशाने घ्यायचे. दुपारी कँटीनला चाळीस रुपये. आणि पगार कधी? कायद्यानं लहान कारखान्यात पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. पोरगा तीन तारखेला लागलेला. म्हणजे सव्वा महिना फक्त खर्चच करायचा. मित्राकडून घेतले, आईनं कामावरच्या बाईंकडून उचल घेतली, तिसऱ्या आठवड्यात सगळं संपलं. दोन दिवस गेला नाही. तिसऱ्या दिवशी सुपरवायझरनं नाव कापलं. झालेल्या कामाचे पैसे मागायला परत जायचं, तर रिक्षाला पैसे कुठून आणणार?

ताईंनी वहीच्या समासात बेरीज मांडली. बूट सहाशे, रिक्षा हजाराच्या वर, जेवण तेवढंच, पास. तीन हजाराला थोडे कमी. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, एवढ्यासाठी गेली याची नोकरी."

मंडळी, पुन्हा सांगते. मेळाव्यात नोकरी मिळाली होती. पत्र हातात होतं. पोरगा कामाला जातही होता. नोकरी सुटली ती पहिल्या महिन्यात, पहिला पगार हातात येण्याआधी.

आई बचत गटात होती. पुढच्या बैठकीला ताई जाऊन बसल्या. बचत गट कसा चालतो हे तुमच्या घरातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. आजारपणाला, फीला, गणपतीला गावी जायला गट कर्ज देतो. ताई म्हणाल्या, पोरांच्या पहिल्या महिन्यालाही द्या. एक वयस्क मावशी पटकन म्हणाल्या, "आणि पोरगा पुन्हा घरी बसला तर? आमचे पैसे कोण देणार?" प्रश्न रास्त होता. बरीच वादावादी झाली आणि शेवटी असं ठरलं की कर्ज आईच्या नावावर, पण हप्ता पोरानं स्वतः आणून द्यायचा, बैठकीत, सगळ्यांच्या समोर. दहा-बारा मावश्यांच्या समोर उभं राहून "या महिन्यात नाही" म्हणायची कुणाची छाती आहे?

दुसरं काम ताईंनी फोनवर केलं. त्यांनी प्रत्येक ठेकेदाराला सांगून ठेवलं, पोरगा आला नाही तर नाव कापायच्या आधी मला कळवा.

त्या मुलाला जुन्या ठिकाणी परत घेतलं नाही. महापेला दुसरीकडे लागला, आणि टिकला. पहिला हप्ता द्यायला आला तेव्हा थेट ड्युटीवरून आलेला, बुटांना प्लास्टिकचा चुरा चिकटलेला. मावशींनी नोट उजेडात धरून पाहिली, पुस्तकात नोंद केली आणि त्याला चहा दिला.

वहीत आणखीही होतं. एका मुलीनं मॉलमधली नोकरी सोडली, कारण शिफ्ट रात्री अकराला सुटायची आणि चढावरचे दिवे बंद. दिवे हे नगरसेवकाचंच काम! ताईंनी ते मागे लागून सुरू करून घेतले आणि मुलगी पुन्हा कामाला लागली. काही जणांनी काम सोडलं ते योग्यच होतं. बारा-बारा तास राबवायचं आणि ओव्हरटाइम द्यायचा नाही, असे ठेकेदार होते. त्यांना ताईंनी पुढच्या मेळाव्याला बोलावलं नाही.

राज्य सरकारच्या योजना आहेत, त्या तुम्ही जाहिरातीत पाहिल्या आहेत. 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना घ्या. बारावीला दरमहा सहा हजार, आयटीआयला आठ, पदवीला दहा हजार विद्यावेतन, सुरुवातीला सहा महिन्यांसाठी. चांगलं आहे, पण मुदत संपल्यावर पुढे काय, हे विचारत पोरं आंदोलनाला बसली, आणि त्यांचं चुकलं नाही. मराठी घरांत आयटीआयला अजून कमी लेखतात, याचंही मला फार वाईट वाटतं. लिफ्टचा, एसीचा चांगला मेकॅनिक या शहरात शोधून पाहा, मग कळेल.

नोकरीसाठी असा हात देणं आपल्या महाराष्ट्राला काही नवीन नाही. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी, म्हणजे गावात मागेल त्याला काम, 1972 च्या दुष्काळात राज्यभर कामाला आली, नंतर तिचा कायदा झाला. तिच्यासाठी पैसा उभा करायला 1975 मध्ये व्यवसाय कर आला. तुमच्या पगाराच्या स्लिपवर दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये कापले जातात, तोच हा कर. मुंबईच्या नोकरदारानं गावातल्या मजुराच्या कामाला पैसा पुरवला, याचा मला अभिमान आहे. शहरातल्या पोराला मात्र अशी हमी आजवर मिळालेली नाही. आणि 1973 मध्ये महापौर झालेले सुधीर जोशी आठवतात ना? त्यांच्या पुढाकारानं शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीनं मराठी मुलांना बँकांच्या परीक्षांसाठी तयार केलं, मुलाखतीची तालीम करून घेतली. आज बँकांतून निवृत्त होणाऱ्या कितीतरी लोकांच्या घरी ही आठवण निघते.

7 मार्च 2022 ला आपल्या महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी 2026 च्या निवडणुकीपर्यंत वॉर्डात नगरसेवकच नव्हता. प्रशासकाच्या काळात रस्ते झाले असतील, पण दारात वही घेऊन बसायला कोण येणार होतं? आता 227 नगरसेवक निवडून आलेले आहेत. त्यांच्याकडे माझं एकच मागणं आहे. मेळावा घ्या, जरूर घ्या. पण ज्यांना पत्रं दिली त्यांची यादी ठेवा आणि पहिला पगार होईपर्यंत दर आठवड्याला फोन करा. प्रभाग समितीच्या बैठकीत हा विषय लावून घ्या, समाज विकास अधिकाऱ्यांना आणि बचत गटांना एकत्र बसवा.

आणि बचत गटातल्या मावश्यांनो, ताईंनो, नगरसेवक येईल तेव्हा येईल. तुमच्या या महिन्याच्या बैठकीत एवढंच विचारा, कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी नव्यानं कामाला लागली आहे आणि पगाराची तारीख काय आहे.

नमस्कार.