धातू सर्वत्र, खाणी मोजक्याच

श्रोतेहो, धातू नेमके कुठे सापडतात, या प्रश्नाचे खरे उत्तर ‘जवळजवळ सर्वत्र’ असे आहे. कोणत्याही साध्या खडकाचे बारकाईने पृथक्करण केले, तर त्यात थोडे तांबे आणि अत्यल्प का होईना, सोनेही निघते. भूकवचाचे तीन चतुर्थांश वजन ऑक्सिजन आणि सिलिकॉन या दोनच मूलद्रव्यांचे आहे. तांबे मात्र टनामागे सरासरी साठेक ग्रॅमच भरते, आणि खाण परवडायची तर साधारणपणे टनामागे चार-पाच किलो तरी हवे. म्हणून विचारायचे ते हे, की विखुरलेला धातू एका जागी गोळा कोणी केला?

माझ्या मते या कामात सर्वांत मोठा वाटा पाण्याचा आहे. खोलवरचे तप्त, खारट पाणी खडकांतून झिरपताना धातू विरघळवून घेते आणि वरच्या भेगांत तापमान किंवा दाब उतरला की ते तिथेच सोडून देते. अशी एखादी शीर, म्हणजे खनिजांनी भरलेली भेग, आडवी कापून पाहिली, तर दोन्ही कडांकडून आत वाढत आलेले गारेचे (क्वार्ट्झचे) स्फटिक आणि मध्यभागी उरलेल्या पोकळीत साचलेले पितळी रंगाचे ताम्रखनिज दिसते. आधी काय जमले आणि नंतर काय, हा क्रम त्या कापावरच वाचता येतो. ही क्रिया आजही चालू आहे. १९७९ साली पूर्व पॅसिफिक महासागराच्या तळाशी सुमारे ३५० अंश सेल्सिअस तापमानाचे काळे फवारे आढळले. थंड समुद्रजलाशी गाठ पडताच त्यांतील तांबे, जस्त आणि लोह गंधकाशी संयोग पावून खाली बसतात व त्यांची धुराडी उभी राहतात. सायप्रसच्या ट्रूडोस पर्वतातले तांबे अशाच प्राचीन सागरतळावर साचलेले आहे.

धातू गोळा होण्याच्या इतरही वाटा आहेत. शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, थिजताना क्रोमाइट या क्रोमियमच्या खनिजाचे थर बनतात, जसे दक्षिण आफ्रिकेतील बुशवेल्डमध्ये. बॉक्साइटची तऱ्हा अगदी उलटी आहे: उष्ण, पावसाळी प्रदेशांत बाकीचे घटक वाहून गेल्यावर मागे उरते ते अ‍ॅल्युमिनियमचे हे खनिज.

मात्र साठा तयार होणे आणि तो आपल्या हाती लागणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खंडांखालचे कवच सरासरी पस्तीस-चाळीस किलोमीटर जाड असताना सर्वांत खोल खाण जेमतेम चार किलोमीटरपर्यंत पोहोचते. चिलीतील अँडीजमधले प्रचंड ताम्रसाठे ज्वालामुखींच्या खाली काही किलोमीटर खोलीवर तयार झाले आणि वरचा डोंगर झिजल्यामुळे उघडे पडले. तीच झीज आणखी चालू राहिली, की साठाही वाहून जातो. म्हणूनच या प्रकारचे बहुतेक ज्ञात साठे भूवैज्ञानिक मापाने तरुण आहेत, आणि फार जुन्या पर्वतरांगांत ते क्वचितच टिकलेले दिसतात.