सहज वाहून जातं, तेच पुढे तुंबतं

(हातात काचेची बरणी)

नमस्कार मंडळी. ही बरणी जरा नीट बघा. काल रात्री यात मी कढत पाणी घेतलं, भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब टाकले, वितळलेलं लोणी ओतलं आणि झाकण लावून खळाखळा हलवलं. तेव्हा आत सगळं दुधासारखं एकजीव दिसत होतं. कुणीही म्हटलं असतं, पाणीच आहे हे, द्या ओतून सिंकमध्ये. आता सकाळ झालीय. (चमच्याने वरचा थर उचलून) हे बघा. पाणी खाली, लोणी वर, आणि लोणी पुन्हा घट्ट. साबणाने त्याला थोडा वेळ पाण्यात मिसळून ठेवलं होतं, एवढंच.

तर आज बोलायचंय ते सिंकमध्ये काय टाकू नये याबद्दल. नुसती यादी वाचून दाखवत नाही, कारण यादी व्हिडिओ बंद केला की विसरते. त्यापेक्षा एक प्रश्न लक्षात ठेवा. हातातली वस्तू आत्ता किती पातळ आहे ते सोडा. ती थंड, ओल्या पाइपमध्ये रात्रभर बसली, तर सकाळी तिचं काय झालेलं असेल? चमचा जाळीवर अडकतो, जाड साल अडकते. सज्जन आहेत बिचारे, तोंडावर सांगतात की आम्ही जाणार नाही. छळतात ते गुपचूप खाली उतरणारे.

आता सिंकखालचं कपाट उघडू. (कॅमेरा खाली) हा जो वाकडा पाइप आहे, काहींकडे त्याजागी बाटलीसारखा डबा असतो, तो ट्रॅप. त्यात कायम थोडं पाणी साठून राहतं, साधारण 50 मिलिमीटर खोल. गटारातला हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे तो सडक्या अंड्याचा वास, या पाण्यामुळे वर येत नाही. गंमत म्हणजे 1775 साली असल्या वाकड्या पाइपच्या शौचकुपाचं पेटंट घेणारा अलेक्झांडर कमिंग हा पेशाने घड्याळजी होता. युक्ती झकास आहे. पण जिथे पाणी थांबतं, तिथे जड वस्तूही थांबते. आणि हा सगळा मार्ग जेमतेम 40 ते 50 मिलिमीटर रुंद. तीन बोटं आत घालून बघा, म्हणजे अंदाज येईल. नको, घालू नका. नुसतं समजून घ्या.

पहिला गुन्हेगार बरणीत बघितलाच: तेल, लोणी, चरबी. यावर लोकांचं उत्तर ठरलेलं असतं, 'मी मागून गरम पाणी सोडतो.' छान. म्हणजे तुमच्या सिंकखाली गोठायची ती चरबी तुम्ही चार-सहा मीटर पुढे ढकलली. पाणी गार झालं की ती तिथे चिकटणार, आणि तिथपर्यंत तुमचा हात पोचणार नाही. त्यात उकळतं पाणी पीव्हीसीच्या पाइपलाही मानवत नाही, साधारण 80 अंशांच्या आसपास पीव्हीसी मऊ पडायला लागतं. बरं, जी तेलं थंडीत गोठत नाहीत त्यांचं काय? तीही पाइपला आतून चिकट करतात, आणि मग त्या चिकट भिंतीवर बाकीचा कचरा बसत जातो.

ही चरबी मुख्य गटारात पोचली की आणखी एक रसायन घडतं. चरबी फुटून त्यातली आम्लं सुटी होतात. काँक्रीटमधून आणि पाण्यातून येणाऱ्या कॅल्शियमशी त्यांची गाठ पडते आणि साबण तयार होतो. हो, साबणच. पण हा पाण्यात न विरघळणारा, दगडासारखा कडक साबण. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 साली असा एक गोळा सापडला: 250 मीटर लांब, अंदाजे 130 टन वजनाचा. त्यात चरबीबरोबर ओले वाइप्स आणि डायपर कालवलेले होते. कामगारांना तो फोडून काढायला कित्येक आठवडे लागले, आणि पुढच्या वर्षी त्याचा एक तुकडा चक्क लंडनच्या संग्रहालयात मांडला गेला. लोक बघायला गेले. मीही गेलो असतो, खोटं का बोला.

उपाय सोपा आहे. तेल गार होऊ द्या, झाकणाच्या डब्यात भरून कचऱ्यात टाका, किंवा वापरलेलं तेल गोळा करणारं कुणी असेल तर त्यांना द्या. तेलकट भांडं घासण्याआधी कागदाने पुसून घ्या. सगळ्या व्हिडिओतली एकच सवय उचलायची असेल, तर हीच उचला.

पुढचे गडी फुगणारे. भात, पास्ता, पीठ. भाताचं शीत जाळीतून सहज निसटतं, ट्रॅपमध्ये बसून पाणी पितं आणि फुगतं. पिठाचे हात सिंकमध्ये धुतले की पाइपमध्ये खळ तयार होते. पूर्वी भिंतीवर कागद चिकटवायला जी वापरायचे, तीच. कॉफीचा चोथा यांच्या उलट. तो फुगत नाही, विरघळत नाही, वाळूसारखा तळाला बसतो. एकटा असता तर फारसं बिघडलं नसतं, पण तेलाच्या थरात तो मिसळला की सिमेंटमध्ये खडी मिसळल्यासारखं होतं. अंड्याच्या टरफलांचा चुरा, तीच गत. सिंकला ग्राइंडर बसवलेला असेल तर खूश होऊ नका. ग्राइंडर बारीक करतो, नाहीसं करत नाही. आणि दोरे असलेल्या भाज्यांच्या साली त्याच्या पात्यांना गुंडाळून बसतात.

सिमेंट म्हटलं म्हणून आठवलं. खरं सिमेंट! टाइल्सच्या फटी भरायचं मिश्रण, प्लास्टर ऑफ पॅरिस, भिंतीची पुट्टी. घरी किरकोळ काम केलं की बादली कुठे धुणार? मी सिंकमध्ये धुतली होती. भरपूर पाणी सोडलं, मनात म्हटलं, पाण्यात कसलं सुकतंय. आणि तिथेच फसलो. सिमेंट सुकून घट्ट होत नसतं. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि त्यातून ते कडक होतं. पाण्याखालीही होतं; म्हणून तर पुलाचे खांब नदीच्या पात्रात उभे राहतात. ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी म्हणजे त्याला आयतं निमंत्रण. दुसऱ्या दिवशी ट्रॅप काढला तर आत त्याच आकाराचा सुबक दगड. तो ट्रॅप मग फेकूनच दिला. बादलीतला गाळ तिथेच कडक होऊ द्यायचा, खरवडून कचऱ्यात टाकायचा, झालं.

आता तुंबण्याच्या पलीकडचं बोलू. पेट्रोल, रॉकेल, थिनर, टर्पेंटाइन. पाइप यांच्यामुळे तुंबणार नाही, उलट धार सुरेख जाईल. पण ही पाण्यावर तरंगतात आणि त्यांची वाफ बंद गटारात साठत राहते. मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात 22 एप्रिल 1992 ला काय झालं ते ऐका. एका पाइपलाइनमधून गळलेलं पेट्रोल गटारांमध्ये उतरलं होतं. लोक वासाची तक्रार करत होते. मग एकामागून एक स्फोट झाले, काही किलोमीटरचे रस्ते उसवून निघाले आणि 200 पेक्षा जास्त माणसं गेली. तुमच्या वाटीभर थिनरने असं होणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण बंद पाइपात ज्वलनशील वाफ सोडायची सवय कुणालाच नको. ब्रश धुतलेलं थिनर बाटलीत ठेवलं की रंग तळाशी बसतो आणि वरचं थिनर पुन्हा वापरता येतं. पैसे वाचतात, हे वेगळंच.

औषधांबाबत आपली समजूत अशी, की सिरप सिंकमध्ये ओतलं म्हणजे आपण जबाबदारीने वागलो. मुलांच्या हाती लागायला नको, हा हेतू बरोबरच आहे. पण सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प मुख्यतः मैला आणि सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेले असतात, बरीचशी औषधं त्यातून पार होतात. कॅनडात शास्त्रज्ञांनी एका प्रयोगासाठी राखलेल्या तळ्यात 2001 पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं संप्रेरक सोडलं. प्रमाण किती? एका लिटरला एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाच्या पाच-सहा पट. तेवढ्याने नर माशांमध्ये अंडी तयार होण्याची लक्षणं दिसू लागली आणि त्या तळ्यातल्या एका छोट्या माशाची जात जवळजवळ संपली. म्हणून औषधं परत घेण्याची सोय असेल तिथे द्या. नसेल तर न खाण्याजोग्या कशात तरी कालवून, पिशवी बंद करून कचऱ्यात.

कॉन्टॅक्ट लेन्स सिंकमध्ये टाकू नका, प्लास्टिक आहे ते. आणि जुना पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर पारा बेसिनमध्ये धुऊ नका. पाण्याच्या साडेतेरापट जड असतो तो, थेट ट्रॅपच्या तळाशी जाऊन बसेल आणि तिथूनच वाफ सोडत राहील.

शेवटी, तुंबलंच तर? इथे लोक सगळ्यात वाईट वस्तू ओततात, ती म्हणजे पाइप साफ करायची पावडर. बहुतेक पावडरींमध्ये कॉस्टिक सोडा असतो. पाण्यात पडला की तो प्रचंड तापतो, ॲल्युमिनियमला लागला तर हायड्रोजन सोडतो, आणि तुंबा सुटला नाही तर पाइपभर जळजळीत द्रव वाट बघत उभा राहतो. वर कुणी ब्लीच ओततं, कुणी ॲसिड. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरिन वायू, थेट तुमच्या नाकासमोर. ही दोन कधीही एकत्र करू नका. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस दिसायला भारी असतो, पण ते दोघं एकमेकांनाच संपवतात. उरतं खारट पाणी. पावडर टाकून झालीच असेल तर रबरी पंप मारू नका, डोळ्यात उडेल. आणि प्लंबर आला की त्याला आधी सांगा, लाजू नका. हात त्याचा आत जाणार आहे.

काहीही ओतलेलं नसेल, तर ट्रॅप स्वतः खोलता येतो. खाली बादली ठेवा, हातमोजे घाला, दोन्ही टोकांचे नट हाताने सैल करा, आतला गाळ बादलीत काढा, रबरी वॉशर होता तसाच परत बसवा. पाचेक मिनिटांचं काम आहे. फक्त एक. ट्रॅप काढलेला असताना ती बादली सवयीने त्याच सिंकमध्ये रिकामी करू नका. मी केली होती. पाय माझेच होते खाली.