एकच चर, तीन समित्या

श्रोतेहो, नमस्कार.

लहान शहराच्या नगरपरिषदेची विषयपत्रिका हाती घेऊन वाचली, तर अभिनंदनाचे आणि दुखवट्याचे ठराव संपल्यावर उरणारे बहुतेक विषय तीनच गोष्टींचे असतात : पाणी, गटार आणि रस्ता. अमुक गल्लीत जलवाहिनी टाकणे, तमुक प्रभागात आरसीसी गटार बांधणे, अमक्यांच्या घरापासून तमक्यांच्या दुकानापर्यंत रस्ता काँक्रीट करणे, असे ते विषय ओळीने येतात आणि सूचक-अनुमोदकांची नावे लागून मंजूर होतात. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमाने चालतो. लोकसंख्या १ लाखाच्या वर गेली की अ वर्ग, ४० हजारांच्या वर ब वर्ग आणि त्याखाली क वर्ग, अशी त्यात वर्गवारी आहे. विषय समित्याही याच अधिनियमाने दिलेल्या आहेत. पाणीपुरवठा व जलनिःसारण एका समितीकडे, सार्वजनिक बांधकाम दुसरीकडे, आणि स्वच्छता व सार्वजनिक आरोग्य तिसरीकडे. म्हणजे नळाची वाहिनी एका सभापतींची, तिच्यावरचा रस्ता दुसऱ्या सभापतींचा आणि शेजारच्या गटारातला गाळ तिसऱ्या सभापतींचा. कागदावर ही विभागणी सोयीची आहे. जमिनीखाली मात्र ही तिन्ही कामे एकमेकांपासून हातभर अंतरावर, पुष्कळदा एकाच चरात असतात. आज मला मुख्यतः एवढेच सांगायचे आहे, आणि ते मी पुन्हा एकदा सांगतो : समित्या तीन असल्या, तरी चर एकच आहे.

भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी दररोज १३५ लिटर पाणी द्यावे, असे आपल्याकडचे मानक आहे, आणि त्यातले सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरून गटारांचे गणित मांडले जाते. ४० हजार वस्तीच्या गावाला या हिशेबाने रोज ५४ लाख लिटर पाणी आणावे लागते आणि ४३ लाख लिटरांहून अधिक सांडपाणी वाहून न्यावे लागते. आणण्याच्या कामाला योजना असते, निधी असतो, उंच टाकीवर ठळक अक्षरांत नाव असते, आणि उद्घाटनाला मंत्री असतात. वाहून नेण्याच्या कामासाठी गटाराच्या चेंबरवर नारळ फोडल्याचे निदान माझ्या तरी पाहण्यात नाही.

मी नगरपरिषदांच्या पाणीपुरवठा विभागात अभियंता म्हणून नोकरी केली. त्यातल्या एका गावची हकिकत मी जिथे बोलायला जातो तिथे सांगतो, आणि आजही सांगणार आहे. गावाचे नाव सांगत नाही, कारण तिथले तेव्हाचे पदाधिकारी अजून बाजारात भेटतात आणि चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

गाव उतारावर वसलेले. पाणी एक दिवसाआड, सकाळी पाऊण तास. एका जुन्या गल्लीत नुकताच काँक्रीटचा रस्ता झालेला होता, दोन्ही बाजूंना नवी गटारे बांधलेली होती, आणि त्या रस्त्याचे सर्वांना मोठे कौतुक होते. पावसाळा संपता संपता त्याच गल्लीतून तक्रारी येऊ लागल्या, की नळाला पाणी आले की पहिली काही मिनिटे वास येतो आणि मग पाणी स्वच्छ होते. आम्ही नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवले. अहवाल आला : पाणी पिण्यास योग्य. दुसऱ्यांदा पाठवले, तरी अहवाल तोच. यात प्रयोगशाळेचा काही दोष नव्हता. नमुना घेण्याची पद्धतच अशी आहे, की आधी नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्यायचा आणि मग निर्जंतुक बाटली भरायची. शिवाय आमचा माणूस ती गल्ली गाठेपर्यंत पाणी येऊन बराच वेळ झालेला असे. ज्या पाण्याची तक्रार होती, ते पाणी बाटलीत कधी गेलेच नाही.

एके दिवशी त्या गल्लीतल्या एक वयस्क बाई घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन थेट नगराध्यक्षांच्या दालनात आल्या. तिन्ही सभापती तिथेच बसलेले होते. बाईंनी डबा टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "साहेब, तुमचा अहवाल वाचला. आता हे झाकण काढा." नगराध्यक्षांनी झाकण काढले, आणि लगेच पुन्हा लावले. त्यानंतर जे झाले ते नगरपरिषदेत वावरलेल्या कोणालाही ओळखीचे वाटेल. आरोग्य सभापती म्हणाले, की वास नळाला आहे, म्हणजे विषय पाणीपुरवठ्याचा. पाणीपुरवठा सभापती म्हणाले, की रस्ता होण्यापूर्वी तक्रार नव्हती, म्हणजे विषय बांधकामाचा. बांधकाम सभापती म्हणाले, की गटार वेळेवर उपसले असते तर वास आलाच नसता, म्हणजे विषय आरोग्याचा. बाई शांतपणे हे सगळे ऐकत होत्या. जाताना म्हणाल्या, "डबा राहू द्या इथंच. मला दुसरा आहे."

आमच्याकडे एक व्हॉल्व्हमन होते, निवृत्तीला आलेले; त्यांना सगळे आबा म्हणत. गावातला कोणता व्हॉल्व्ह किती आटे फिरवला म्हणजे कोणत्या गल्लीला किती जोर मिळतो, हे कोणत्याही नकाशात नव्हते. ते फक्त आबांना ठाऊक होते. (या माणसांच्या डोक्यातले नकाशे ते निवृत्त होण्याआधी कागदावर उतरवून घ्यावेत, असे मी अनेक सभांत सांगितले; पण हल्ली उपग्रहाचे नकाशे मागवले जातात, त्यांत घराची छपरे छान दिसतात.) आबांनी पाण्याच्या दिवशी क्लोरीन तपासण्याची, म्हणजे ओटी टेस्टची, पेटी घेतली आणि आधीपासूनच गल्लीत जाऊन बसले. नळाच्या पाण्यात औषधाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते, हे आपल्याला माहीत आहेच. गल्लीच्या तोंडाशी पहिल्याच पाण्याला पिवळा रंग आला. मधल्या घरांपाशी रंग फिका झाला, आणि पुढच्या घरांत तर पाणी होते तसेच राहिले. क्लोरीन वाटेतच खर्ची पडत होता, म्हणजे वाटेत त्याला काहीतरी घाण भेटत होती. रस्ता कुठे फोडावा लागेल, याचा अंदाज आबांनी तिथेच केला, पण बोलले मात्र नाहीत.

पाणी बंद होण्याच्या वेळी त्यांनी पाणीपुरवठा सभापतींना गल्लीतल्या सर्वांत वरच्या घरी बोलावले. अंगणातल्या तोटीतून धार बारीक होत होत थांबली. आबा म्हणाले, "साहेब, तळहात लावा नळाला." सभापतींनी बाही मागे सारून उघड्या तोटीवर तळहात ठेवला, आणि नळाने तो ओढून धरला. जोर करून हात काढला तेव्हा चटकन आवाज झाला आणि तळव्यावर तोटीचे लाल वर्तुळ उमटले. सभापती चकित होऊन म्हणाले, "अहो, हा तर ओढतोय!" आबा म्हणाले, "पाणी बंद झालं की पाइपातलं पाणी उताराला पळतं, आणि मागची जागा भरायला नळ ओढतोच. इथं वर त्याला हवा मिळाली. खाली गटारात बुडालेल्या पाइपाला काय मिळत असेल, ते तुम्हीच सांगा."

पुढच्या पाळीला आबांनी तिन्ही सभापतींना पहाटे अंधारात गल्लीत उभे केले. गटारात दोन ठिकाणी वाळूची पोती टाकून पाणी अडवले, म्हणजे ते स्थिर झाले. मग टाकीवरच्या माणसाला फोन करून व्हॉल्व्ह उघडायला सांगितले, आणि सर्वांनी बॅटऱ्यांचा उजेड गटारावर धरला. रिकाम्या वाहिनीत पाणी शिरते तेव्हा आधी आतली हवा मिळेल त्या वाटेने बाहेर पडते. नळ अजून कोरडे होते, आणि गटारातल्या काळ्या पाण्यावर एका घरासमोर बुडबुडे येऊ लागले. मग दुसऱ्या घरासमोर आले. मग तिसऱ्या. बांधकाम सभापती खाली वाकून पाहत होते आणि कोणाशी काही बोलत नव्हते.

झाले होते असे, की रस्ता करताना गटाराचा तळ आणि भिंती नव्याने बांधल्या, आणि रस्त्याखालच्या वाहिनीपासून घरांत जाणाऱ्या जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) नळजोडण्या वर उचलून घेण्याऐवजी तशाच गटारातून आरपार ठेवल्या. पाइप आधीच गंजलेले होते. गटार तुंबले की ते सांडपाण्यात बुडत. पाऊण तास त्यांतून पाणी बाहेर गळे आणि उरलेला सगळा वेळ गटार आत झिरपे. काम बांधकाम विभागाच्या अंदाजपत्रकाप्रमाणे झालेले होते. त्या अंदाजपत्रकात नळजोडण्यांची बाबच नव्हती, कारण ती बाब दुसऱ्या विभागाची.

पुढच्या सभेत हा प्रश्न आयत्या वेळच्या विषयांत आला आणि सभेचा बराच वेळ त्यानेच खाल्ला. मुख्य वाहिनीपासून पुढची नळजोडणी घरमालकाने आपल्या खर्चाने ठेवायची असते, असा मुद्दा निघाला, आणि तो नियमाला धरूनही होता. शेवटी असे ठरले, की जोडण्या नगरपरिषदेने बदलाव्यात, त्या गटाराच्या वरून नेऊन बाहेर आवरण द्यावे, आणि सामानाचा खर्च पाणीपट्टीबरोबर हप्त्यांनी घ्यावा. काँक्रीट ब्रेकरने फोडण्याऐवजी कटरने पट्ट्या कापून काम केले. तो कौतुकाचा रस्ता पुढे अनेक वर्षे ठिगळांचा दिसत राहिला, आणि एका वर्तमानपत्राने 'नव्या रस्त्याची दुर्दशा' म्हणून त्याचे छायाचित्रही छापले. डब्याच्या बाईंनी मात्र गल्लीतल्या सर्वांकडून हप्ते वेळेवर भरून घेतले.

हकिकतीने बराच वेळ घेतला. त्यामागचे शास्त्र मात्र थोडक्यात सांगता येते. वाहिनीत सतत दाब असेल, तर फट पडली तरी पाणी बाहेर जाते, घाण आत येत नाही. दाब गेला की उलटे होते. म्हणून एक दिवसाआड पाणी देणाऱ्या गावात ही भीती कायमची आहे. सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेल्या मलकापूरने चोवीस तास पाण्याची योजना चालवून दाखवली. तिथे प्रत्येक जोडणीला मीटर आहे, आणि वापर वाढेल तसा दर चढत जातो. चोवीस तास पाणी म्हणजे उधळपट्टी, असे अनेकांना वाटते. पण मीटर असला आणि पाणी उद्याही येणार याची खात्री असली, की माणूस शिळे म्हणून भरलेली पिंपे ओतून देत नाही. दुसरीकडे, दूषित पाणी काय करते हे २०१२ साली इचलकरंजीने काविळीच्या साथीत पाहिले. त्या साथीत माणसे दगावली.

एक दिवसाआड पाण्याच्या गावात हा धोका आपणही वाढवतो. नळाला थेट मोटर लावली की ती शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी खेचते, आणि वाहिनीतला दाब उतरवून गटारालाही आमंत्रण देते. पथक आले की मोटर पलंगाखाली जाते, हे सांगायला नकोच. पाण्याच्या वेळा बदलल्या की पूर्वी रिक्षावरून भोंगा फिरत असे; आता संदेश मोबाइलवर येतो आणि तो सून वाचते, पाणी सासूबाई भरतात. मला भोंगा बरा वाटतो.

राहिला रस्ता. पिण्याची वाहिनी आणि मैलावाहिनी यांच्यात शक्यतो ३ मीटर अंतर असावे, असा दंडक आहे. आपल्या जुन्या पेठांत घराच्या उंबऱ्यापासून समोरच्या उंबऱ्यापर्यंतच जेमतेम तेवढे अंतर असते. तिथे निदान पाणी वर आणि मैला खाली, एवढे तरी पाळता येते, पण त्यासाठी क्रम सांभाळावा लागतो. सर्वांत खोल मैलावाहिनी आधी, मग जलवाहिनी आणि घरोघरच्या जोडण्या, आणि त्यांची दाब देऊन चाचणी झाल्यावर सर्वांत शेवटी रस्ता. प्रत्यक्षात निधी ज्या योजनेचा आधी येतो, ते काम आधी होते, आणि रस्त्याचा निधी बहुधा सर्वांत आधी येतो. शिवाय जुना थर न खरवडता नवा थर ओतला जातो, रस्ता दर वेळी वर येतो आणि घरे खाली जातात. मग पावसाळ्यात गटाराचे पाणी माजघरात येते आणि सभेत पुन्हा तेच तीन विषय तीन क्रमांकांनी येतात. म्हणून पुन्हा सांगतो : समित्या तीन, चर एकच. आपल्या गल्लीच्या रस्त्याचा विषय मंजूर झाल्याचे कळले, तर नगरपरिषदेत जाऊन अंदाजपत्रक पाहायला मागा, आणि त्यात नळजोडण्या बदलण्याची बाब आहे की नाही एवढे विचारा.

आणि नळाला वास येत असेल, तर लेखी तक्रार करा. "पाणी खराब येते" एवढेच लिहू नका. वास पहिल्या किती मिनिटांत येतो, पुढे जातो की राहतो, गल्लीतल्या कोणत्या घरापासून सुरू होतो, आपली जोडणी गटारातून गेली आहे का, हे लिहा. नमुना पहिल्या पाण्याचाही घ्यावा, अशी स्पष्ट मागणी करा. तोवर पहिले पाणी पिण्यासाठी भरू नका आणि पिण्याचे पाणी उकळून घ्या. अर्ज एकच लिहा, पण त्याच्या प्रती मुख्याधिकाऱ्यांना आणि तिन्ही सभापतींना द्या, आणि चारही प्रतींची आवक क्रमांकासह पोच घ्या.

नमस्कार.