गणपतीला गावी निघण्याआधी

(मंडळाच्या स्नेहमेळाव्यातील भाषण, संपादित)

नमस्कार मंडळी.

गणपतीची तिकिटं काढून झाली असतील. कुणी गुहागरला, कुणी देवगडला, कुणी मालवणला. आपण सातासमुद्रापलीकडचे, अमेरिकेतले चाकरमानी, बॅगा भरण्यात पटाईत. पण बॅगेतल्या कागदांचं काय?

कोकणात कागदाचे वैरी फार. जुन्या घराच्या भिंतींना ओल, लाकडी पेटीला वाळवी. आणि पाणी! २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली, तेव्हा किती घरांत कपाटातले दस्तऐवज चिखलात गेले ते इथल्या चिपळूणकरांना सांगायला नको. म्हणून ग्रीन कार्ड, म्हणजे अमेरिकेत कायम राहायची परवानगी, आजीच्या ट्रंकेत 'सुरक्षित' ठेवू नका. अंगावर ठेवा.

आणि तरीही हरवलंच तर? लोक घाईने आय-९० भरायला बसतात. नवं कार्ड मिळवायचा फॉर्म तोच, पण तुम्ही गावी अडकलेले असताना तो भरून विमानात बसता येत नाही. तिथे लागतो आय-१३१ए, कार्डाशिवाय परत यायची परवानगी मागणारा फॉर्म. फी आधी ऑनलाइन भरायची आणि पावती घेऊन स्वतः अमेरिकन वकिलातीत जायचं. आपल्याला जवळची म्हणजे मुंबईची, बीकेसीतली. अमेरिका सोडून वर्ष उलटलेलं नसावं. री-एंट्री परमिट, म्हणजे जास्त काळ बाहेर राहण्यासाठी आधी काढलेला परवाना, असेल तर दोन वर्षं. मंजूर झालं की विमान कंपनीला दाखवायचा कागद मिळतो आणि आय-९० इथे परतल्यावर भरायचा. हे दोन दिवसांत उरकेल असं समजू नका. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रकच वेगळं, गाड्या सावकाश धावतात. परतीच्या तिकिटाआधी हाताशी थोडे दिवस ठेवा.

ज्यांचा पासपोर्ट अमेरिकन, त्यांनी आधी पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी, मग वकिलात गाठावी. ई-व्हिसावर आला असाल तर नव्या पासपोर्टवर भारताबाहेर पडायला एफआरआरओची, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या भारत सरकारच्या कार्यालयाची, परवानगीही लागते, तिचा अर्ज ऑनलाइन होतो. हा टप्पा बहुतेकांना थेट विमानतळावर कळतो. आणि हरवल्याची नोंद केलेला पासपोर्ट चार दिवसांनी तांदळाच्या डब्यात सापडला, तरी त्यावर प्रवास करायचा नाही. तो रद्द झालेला असतो. भारतीय पासपोर्टमधल्या अमेरिकन व्हिसाचंही तेच. एकदा हरवला म्हणून कळवला की संपला.

अमेरिकन नागरिकत्वाचं प्रमाणपत्र मात्र इथेच ठेवून जा. सातबाऱ्यावर नाव लावायचंय, वारसनोंद करायचीय, म्हणून काहीजण मूळ प्रत घेऊन तलाठ्यापुढे उभे राहतात. आधी फोन करून विचारा की नेमकं काय लागतं. मूळ प्रत भिजली तर एन-५६५, म्हणजे नव्या प्रतीचा फॉर्म, भरून महिनोन्महिने थांबायचं. त्यावर विनापरवाना नक्कल करण्याविरुद्ध इशारा छापलेला असतो, त्याला घाबरून लोक झेरॉक्सही काढत नाहीत. कायदेशीर कामासाठी स्वतःच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स काढायला हरकत नाही.

मूळ कागद गेला तरी सरकारदरबारी नोंद राहते. ती शोधायला तुमचा ए-नंबर (ग्रीन कार्डावरचा नोंदणी क्रमांक), पासपोर्ट नंबर लागतो. तो पाठ कुणाला असतो? कागदाच्या दोन्ही बाजूंचा स्वच्छ फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवा, एक प्रत इथल्या विश्वासू माणसाकडे द्या. फोनमधल्या फोटोवर विसंबू नका. फोन आणि पाकीट एकाच खिशातून जातात.

जेवणानंतर मागच्या टेबलावर स्कॅनर लावतोय. आज ज्यांच्याकडे कार्ड असेल त्यांनी यावं. बाकीच्यांनी आधी पंगतीला बसावं, कोलंबी संपायच्या आत.